दारथुआमीची बातमी

आमच्या गावात कुणी गेलं, की ते सगळ्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. राजांच्या काळी दवंडीवाला टेकडीवर उभा राहून ओरडायचा. आता खांबावर भोंगा आहे, एवढाच फरक. गेलेल्याचं नाव, घर कुठलं, मग तरुणांनी खड्डा खणायला यावं, बायकांनी चहा, साखर, सरपण घेऊन यावं. आवाज चढवायचा नाही आणि पाडायचाही नाही. माझी आई गेली तेव्हाही मीच सांगितलं, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही. याचा मला थोडा गर्वच होता.

एरवी मी पाहुण्यांना फिरवतो. जुन्या राजांनी उभे केलेले दगड दाखवतो, गुहा दाखवतो, पण सगळ्यांना खरं बघायचं असतं ते तिआउ नदीच्या पुलापलीकडचं रिहचं तळं. ते पलीकडच्या देशात आहे. आमचा प्रत्येक मेलेला माणूस त्या तळ्यावरूनच पुढे जातो, असं जुने लोक मानायचे. आम्ही आता रविवारी चर्चला जातो. तरी पाहुण्यांना मी ते सांगतोच, कारण त्यासाठीच ते एवढ्या लांब येतात.

त्या दिवशी सिलचरचे एक मास्तर आले होते. तळ्याच्या काठी उभं राहून त्यांनी विचारलं, "मग मेलेले दिसतात का हो कधी?"

"रोज जातात. फक्त पुलावरच्या शिपायाला ओळखपत्र दाखवत नाहीत."

मास्तर हसले. त्यांना चाम्फाईच्या गाडीत बसवून मी दुपारीच घरी आलो. डोंगरावरून धुकं उतरलं होतं आणि अंगणातलं संत्र्याचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. वीज सकाळपासून गेलेली. दारथुआमी, माझी बायको, चुलीपाशी बसून डुकराचं मटण आणि मोहरीचा पाला शिजवत होती. धुराचा आणि ओल्या लाकडाचा वास घरभर होता. मी बूट काढत होतो, तेवढ्यात भोंगा खरखरला.

"गावकऱ्यांनो, वरच्या आळीतली झोमुआकाची बायको दारथुआमी आज दुपारी आपल्याला सोडून गेली. तरुणांनी खड्डा खणायला यावं..."

आवाज माझा होता. शब्द माझे, शब्दांच्या मधलं थांबणंही माझंच. माईकच्या खोलीची किल्ली माझ्या गळ्यात होती. मी ती मुठीत धरून बसलो.

दारथुआमीने पळी भांड्याच्या काठावर आपटली. "अहो झोवीचे बाबा, एवढी घाई झाली होती? मटण तरी शिजू द्यायचं."

"मी इथं बसलोय ना तुझ्यासमोर."

"ते दिसतंय मला. दुसरी बघून ठेवली असेल, तर तिला सांगा, चूल धूर करते."

ती हसत होती. मला हसू आलं नाही.

आमच्याकडे बातमी ऐकून कुणी घरी बसत नाही. मोठ्या बायकांना आम्ही मानाने पी म्हणतो, पुरुषांना पू. शेजारची पी सियामी सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन, रडतच आत शिरली आणि समोर दारथुआमीला बघून मोळीसकट खाली बसली. मग एकेक करत सगळी आळी आली. आधी सगळे घाबरले, मग माझ्यावर चिडले. "असली थट्टा करतात का पू झोमुआका? तुमचाच आवाज तो, दुसऱ्या कुणाचा असणार?" मी किल्ली दाखवली. वीज नाही हे सांगितलं. त्यावर सगळे माझ्यापासून एक पाऊल मागे सरले. ते मागे सरणं मला त्यांच्या रागापेक्षा वाईट वाटलं.

तेवढ्यात तरुण पोरं कुदळी घेऊन आली, गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेली. ती घराकडे न येता थेट दफनभूमीत गेली होती. आमची पोरं या कामाला कधीच उशीर करत नाहीत. खड्डा तयार होता.

"बुजवून टाका," मी म्हणालो.

गावातले सगळ्यांत म्हातारे पू दोखामा चिलीम ओढत दारात बसले होते. ते म्हणाले, "नाव घेऊन खणलेला खड्डा रिकामा बुजवत नाहीत. तो वाट बघत राहतो."

मग काय करायचं ते दारथुआमीनेच ठरवलं. तिने परसातला केळीचा बुंधा तोडायला लावला, स्वतः लग्नात नेसलेली लाल-काळी पुआन त्याला गुंडाळली आणि बाळाला पांघरूण घालावं तशी टोकं नीट आत खोचली. "घ्या. आता त्याचं पोट भरेल," ती म्हणाली. पोरं तो बुंधा घेऊन धुक्यात गेली. पास्टरना कुणी सांगितलं नाही. आलेल्या लोकांना तिने चहा केला, त्यांनीच आणलेल्या साखरेचा. जमलोच आहोत म्हणून त्यांनी दोन गाणीही म्हटली, आणि तीही त्यांच्याबरोबर गायली.

दिवस मावळायच्या आत सगळे गेले. आम्ही जेवायला बसलो. तिने माझ्या ताटात भात वाढला, स्वतःच्याही ताटात वाढला. माझं जेवण झालं तरी तिचा भात तसाच होता.

"जेवत का नाहीस?"

"पोट भरलंय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. ती शेतावर जायची, कोंबड्यांवर ओरडायची, ऐझॉलला असलेल्या आमच्या लेकीशी, झोवीशी, फोनवर तासभर बोलायची. वाळली नाही, थकली नाही. फक्त ताटातला भात तसाच राहायचा. मी तिला चाम्फाईच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तपासलं आणि म्हणाला, "काका, तुमच्यापेक्षा यांची तब्येत चांगली आहे."

शेवटी मी पू दोखामांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ चिलीम भरण्यात घालवला.

"आमच्या आज्यांच्या वेळी," ते म्हणाले, "गेलेलं माणूस तीन महिने घरातच असायचं. सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं. त्याच्यासाठी जागा ठेवायची, ताट ठेवायचं. तीन महिने झाले की कोंबडा कापायचा आणि त्याला सांगायचं, बाबा, आता जा. मग ते रिहच्या वाटेला लागायचं."

"आणि नाही सांगितलं तर...?"

"सगळे सांगायचे रे."

"पण कुणी नाहीच सांगितलं तर?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तसा माणूस मी अजून पाहिला नाही," ते म्हणाले.

मी भोंग्याचं काम सोडलं. किल्ली गावातल्या रोकिमाच्या पोराला दिली. तीन महिने भरले त्या दिवशीही धुकं होतं. दारथुआमीने न सांगताच कोंबडा कापला, आलं घालून शिजवला आणि दोन ताटं मांडली. आपल्या ताटापुढे बसून ती माझ्याकडे बघत राहिली. केस विंचरलेले होते. पायात बूट होते. आमच्याकडे घरात कुणी बूट घालत नाही.

"झोवीचे बाबा," ती हळूच म्हणाली, "काही सांगायचंय का मला?"

मला माहीत होतं काय सांगायचं ते. शेकडो घरांच्या वतीने मी वाईटात वाईट गोष्ट सरळ आवाजात सांगितली आहे. पण तिच्याशिवायचं घर मला नको होतं. भीतीपेक्षा ते नकोसं वाटणंच मोठं होतं.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

"बघा हं..."

"नाही म्हटलं ना."

तिने बूट काढून दाराशी ठेवले, परत येऊन बसली आणि माझ्या ताटात भात वाढला. मी घास उचलला. कोंबड्याचा वास छान येत होता. पण घास तोंडाशी नेला तेव्हा लक्षात आलं, मला भूक नाही. मी तो परत ताटात ठेवला.

याला आता वर्ष होत आलं. आमचं बरं चाललंय. भांडतो, हसतो, रात्री दोन ताटं कोंबड्यांना घालतो. पाहुण्यांना मी अजून तळ्यावर नेतो.

फक्त एक गोष्ट. आमच्याकडे वाटेत भेटलेल्या माणसाला पहिलं विचारतात, 'जेवलात का?' पी सियामी रोज सकाळी पाणी घेऊन आमच्या आळीतून जाते. खालच्या घराशी थांबून ती विचारते, "जेवलात का गं?" वरच्या घराशीही थांबते, तिथेही विचारते. मधल्या घराच्या पायरीवर आम्ही दोघं बसलेलो असतो. तिथं आली की ती मान खाली घालते आणि भरभर चालायला लागते.