रिकामा आलेला पाळणा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मावशी. "भूतबित काही नसतं रे, झोपा गुपचूप," असं आम्हा भाचरांना दटावणारीही तीच.

आता ती तसं म्हणत नाही.

सुट्टीतली ती तिसरी संध्याकाळ. मावशी, काका आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी समुद्राकाठच्या एका गावी गेले होते. मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसलेली कोणी पाहिलीच नव्हती.

समुद्र खवळलेला. किनाऱ्यावर लाल बावटे. पाण्यात पाय घालायचीही बंदी.

मग पोरीला रमवायचं कसं? पहिल्या दिवशी मत्स्यालय झालं. दुसऱ्या दिवशी शिंपल्यांचं संग्रहालय. तिथे काकाच इतके रमले, की शेवटी भिंगरीने "बाबा, आता पुरे हो!" म्हणत त्यांना ओढून बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी उरला रोपवे.

गावातून निघून, खाडीवरून, समोरच्या कड्यावर जाणारा. छोटे डबे, समोरासमोर दोन बाकं, मधे धरायला एक दांडा. तिथली माणसं त्या डब्यांना पाळणे म्हणायची. एका बाजूने पाळणे वर जायचे, वरच्या स्टेशनात वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने खाली यायचे. स्टेशनातही पूर्ण थांबायचे नाहीत. हळू व्हायचे, तेवढ्यात चढायचं. मग कामगार बाहेरून कडी घालणार.

धुकं उतरत होतं. गर्दी नव्हती. काका तिकिटाच्या खिडकीशी सुटे पैसे शोधत होते.

मावशी छत्री मिटायला वळली. तेवढंच.

मागे कडी लागल्याचा आवाज आला…

भिंगरी आत होती. पाळणा फलाटावरून सुटला होता.

"अहो! थांबवा! माझी मुलगी एकटी आहे आत!"

कामगार गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "एकटी? ताई, समोर बाई बसल्या होत्या की. मला वाटलं, त्याच आई."

"आत कोणी नव्हतं!"

मावशी फलाटाच्या टोकापर्यंत धावली. काचेला नाक लावून भिंगरी हसत होती. तिला सगळी गंमतच वाटत होती. ही पोर उठून दाराशी खेळेल, या भीतीने मावशी जिवाच्या आकांताने ओरडली, "बसून राहा! मी येईपर्यंत उतरू नकोस!"

भिंगरीने मान डोलावली. मग धुक्याने पाळणा गिळला.

"मधे थांबवला तर खाडीवर लटकत राहील," कामगार म्हणाला. "त्यापेक्षा जाऊ दे वर. आमचं माणूस उतरवून घेईल." त्याने लगेच वर फोन लावला. "एकटी लहान मुलगी येतेय. उतरवून घे."

मावशी मागच्याच पाळण्यात चढली. काका खाली थांबले.

तो प्रवास मावशी कधी नीट सांगत नाही. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं, एवढंच म्हणते. काचेबाहेर पांढरं. खाली कुठेतरी पाणी आपटत होतं. वरचं चाक कुरकुरत होतं. ती हाका मारत होती. कोणाला ऐकू जाणार?

वरचं स्टेशन दिसायला लागलं, आणि शेजारच्या दोराने एक पाळणा खाली येताना दिसला.

त्यात भिंगरी होती.

आणि तिच्या समोर… कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं. ओले केस. एक हात दारावर.

भिंगरीने मावशीकडे बघून टाटा केला.

मावशीने काचेवर बुक्क्या मारल्या. तो पाळणा खाली धुक्यात गेला.

वर रेनकोट घातलेली एक तरुणी कामाला होती. मावशीने तिचे खांदेच धरले. "माझी मुलगी! उतरवलंत का नाही तिला?"

"कुठली? मी एकट्या मुलीची वाट बघतेय," ती म्हणाली. "आत्ता गेली ती तर आईबरोबर होती. मी दार उघडलं होतं. मुलगी म्हणाली, आईने उतरायचं नाही सांगितलंय. मी बाईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. म्हणून कडी लावली परत."

"मी आहे तिची आई."

त्या तरुणीच्या तोंडचं पाणी पळालं.

मावशीने काकांना फोन लावला. नंबर लागेना. कसाबसा लागला. "खाली येतेय ती! तिच्याबरोबर कोणीतरी आहे… सोडू नका त्या बाईला!"

मग दोघंही फोन कानाला लावून उभी राहिली. वर मावशी, खाली काका. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आला," काका म्हणाले.

मग काहीच नाही.

"अहो… बोला ना."

"अगं… रिकामा आहे."

मागचाही रिकामा. त्याच्या मागचाही. कामगाराने एकेक दार उघडून, बाकाखाली वाकून बघितलं. कुठे काही नाही.

मध्ये उतरायला जागाच नव्हती. होती ती फक्त खाडी.

खाली माणसं जमली. दोन होड्या खाडीत गेल्या. काका काठाच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून हाका मारत होते. वर वारा वाढला, आणि त्या तरुणीला फोन आला. पाळणे बंद करायचे. वाऱ्यात चालवणं धोक्याचं.

"बंद नका करू," मावशी म्हणाली.

"ताई, सगळे तपासलेत. कोणी नाही आत."

"बंद नका करू! पाया पडते तुमच्या. माझी मुलगी आहे त्यात. मी तिला बसून राहा म्हणून सांगितलंय. ती उतरणार नाही. तुम्ही बंद केलंत तर ती तिथेच राहील!"

ती काय बोलतेय, तिचं तिलाच कळत नव्हतं. ती खरंच त्या तरुणीच्या पायाशी बसली. ती पोरगी रडायला लागली. तिने फोन बाजूला ठेवला, आणि पाळणे चालू ठेवले.

मावशी फलाटावर उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक पाळण्याचं दार उघडायची. रिकाम्या बाकाकडे बघून म्हणायची, "भिंगरे, मी आलेय. चल, उतर."

रिकामा पाळणा वळसा घालून निघून जायचा. मग दुसरा.

"भिंगरे, मी आलेय. चल, उतर."

अंधारून आलं. घसा बसला. आवाज फुटेना, नुसते ओठ हलत होते…

आणि एक पाळणा उघड्या दाराने आला. बाहेरची कडी लोंबत होती.

आत भिंगरी होती. मधल्या दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे घट्ट मिटून. तिचे कपडे कोरडे होते. समोरचं बाक मात्र ओलंचिंब. बाकावरून पाणी खाली ठिबकत होतं.

तिची बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवावी लागली.

पुढे वरच्या ऑफिसात, काकांचा स्वेटर गुंडाळून, गरम दुधाचा कप घेऊन ती बसली होती. काका चिखलाच्या पायांनीच वर आले होते. मावशीने शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "कुठे होतीस गं, राणी?"

"पाळण्यात. मधे थांबलो होतो ना आम्ही. खूप वेळ."

काका आणि ती तरुणी एकमेकांकडे बघत राहिले. पाळणे एकदाही थांबले नव्हते.

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि काकू. काकू म्हणाली, आपण इथेच उतरू. तिने दार उघडलं. मी म्हटलं, नाही. आई येईपर्यंत उतरायचं नाही. आई रागवेल."

"मग?"

"मग ती रडायला लागली. खूप रडली, आई. म्हणाली… माझ्या मुलीने नाही ऐकलं."

काकांनी स्वेटर तिच्याभोवती आणखी घट्ट केला.

मग मावशीने विचारलं. का विचारलं, हे तिला आजही सांगता येत नाही. "दिसायला कशी होती गं ती काकू?"

भिंगरीने कप खाली ठेवला. मावशीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. विस्कटलेले केस, सुजलेले डोळे, बसलेला घसा.

"तू आत्ता दिसतेस ना," ती म्हणाली, "तशी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते गाव सोडून निघाले. हॉटेलवाला काही विचारत होता, काका थांबले नाहीत.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. भिंगरी कॉलेजात जाते. तिला त्यातलं काही आठवत नाही, असं ती म्हणते. मावशी मात्र अजून कुठल्याही दारातून तिला आधी आत जाऊ देत नाही.

ती बाई पोरीला खाली खाडीत नेणार होती, की तेवढा वेळ सांभाळून बसली होती? मावशीचं मत दर वेळी वेगळं असतं.

मी तिला एकदाच विचारलं होतं. "तिथल्या माणसांना विचारलं नाहीस? आधी काही झालं होतं का तिथे?"

"नाही विचारलं," मावशी म्हणाली.

"का गं?"

तिने उठून दाराची कडी नीट लागलीय ना, ते बघितलं.

"विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं रे."