जुन्या पिंपरीचा मुराळी

शनिवार-रविवारचा बेत मी कागदावर लिहून काढला होता. शनिवारी सकाळी नऊची बारामती–पिंपरी एसटी, अकरापर्यंत पिंपरी. दुपारी आराम, उन्हं उतरल्यावर पाण्याकाठी. रविवारी मी पोचायचं, जेवण, होडीतून एक फेरी आणि साडेचारच्या गाडीनं दोघांनी परत. भवानीनगरच्या साखर कारखान्यात मी लॅब केमिस्ट. उसाच्या रसातली साखर मोजता मोजता सगळंच मोजायची खोड लागते. आमच्या घरात मीठसुद्धा पाटीवर लिहून घालावं लागतं, असं म्हाळसा शेजारणींना सांगायची. म्हाळसा माझी बायको.

हा बेत तिच्यासाठी होता. त्र्याण्णवच्या एप्रिलात आमच्या एकुलत्या एका मुलीचं, दिपालीचं, लग्न झालं. पंधरा दिवसांनी तिला माहेरपणाला आणायला माझा पुतण्या मुराळी म्हणून गेला. सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं, ती आपणहून निघत नाही, हे आमच्याकडे अजून पाळतात. म्हाळसानं त्याच्याबरोबर फराळाचा डबा दिला, फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली.

"दिपूला न्यायला माणूस गेलं," ती म्हणाली. "मला न्यायला कोन येनार?"

मी हसलो. सवयच होती. "तुझं माहेर पाण्याखाली. आता तुला न्यायला मासाच यायचा."

हे मी बोललो. दुसऱ्या कुणी नाही.

त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी झालं. जेवण कमी झालं. दिपाली चार दिवस राहून गेली तरी फरक नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त-लघवी सगळं पाहिलं. काही निघालं नाही. हवापालट करा, म्हणाले.

तिचं माहेर जुनी पिंपरी. उजनी धरणाचं पाणी अठ्ठ्याहत्तर साली गावात शिरलं आणि गाव वर माळावर सरकलं. माणसांनी घरांची दारं, तुळया, पत्रे काढून नेले. तिचा भाऊ सोनबा राहिलेली लाकडं आणायला पुन्हा खाली उतरला तो परत आला नाही. सापडलाही नाही. आईवडील दोन वर्षांच्या आत गेले. गाव बुडाल्यापासून पंधरा वर्षं तिच्यासाठी कुणी मुराळी आला नाही आणि मुराळ्याशिवाय ती गेली नाही. मी न्यायला हवं होतं, हे आता कळतं. तेव्हा वाटायचं, पाणी बघायला कशाला जायचं?

नवी पिंपरी मात्र बघण्यासारखी झाली होती. पाण्याकडे उतरत जाणारी एकच पेठ, दोन्हीकडे चुना लावलेली बैठी दुकानं, दारोदार लिंब. खालच्या अंगाला होड्या पालथ्या टाकलेल्या आणि कढईत चिलापी मासा तळणाऱ्या दोन खाणावळी. हिवाळ्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी येत. पुण्याची माणसं जीप करून यायला लागली होती. हे सगळं मला बाबूलालनं सांगितलं. तो दर बुधवारी आमच्या कॉलनीत मासळी विकायला येई. त्याची स्वतःची होडी होती. जुन्या पिंपरीत त्याचं घर म्हाळसाच्या घरासमोर होतं, म्हणून तो तिला अक्का म्हणायचा आणि मला दाजी.

"तूच ये ना मुराळी म्हणून," मी त्याला म्हणालो.

"येतो की. गावच्या नात्यानं भाऊच हाय मी," तो म्हणाला. "आमची घरवाली करिमा खोली सारवून ठिवंल. अक्काला दोन दिस काय काम करू द्यायचं न्हाय."

इथं माझ्यातला हिशेबी माणूस थांबला असता तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, नुसतं सांगण्यात मजा नाही, रीतसर सांगावा यायला हवा. मी एक पोस्टकार्ड घेतलं, डाव्या हातानं वाकडंतिकडं लिहिलं. 'मौजे जुनी पिंपरीहून माहेरची मंडळी. चि. म्हाळसास, शनिवारी मुराळी पाठवीत आहोत. तयार राहावे. जावईबापूंनी रविवारी न्यायला यावे, त्यांचे जेवण इकडेच.' इंदापूरला कामासाठी गेलो होतो, तिथल्या पेटीत ते टाकलं.

कार्ड आलं. मीच ते तिला वाचून दाखवलं, अगदी गंभीर चेहरा करून. तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि बोटानं अक्षरं चाचपली.

"ह्ये कुनी लिवलंय?"

"माहेरच्या माणसांनी. आणखी कोण लिहिणार?"

"आता कोन हाय तितं?" ती म्हणाली. मग उठून तिनं ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. त्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या. माझा आनंद गगनात मावेना.

शनिवारी मी मुद्दाम सकाळी सातलाच कारखान्यात गेलो. गळीत हंगाम संपला होता, लॅबमध्ये बाटल्या धुण्यापलीकडे काम नव्हतं. पण बाबूलालला मुराळ्याच्या थाटात दारात बघून मला हसू आलं असतं आणि सगळं बिंग फुटलं असतं. बारा वाजता घरी आलो. दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या भामाबाईंकडे होती.

"गेल्या का?"

"गेल्या की. भाऊ आलता न्यायला." भामाबाईंना कौतुक वाटत होतं. "लई गुनाचा मानूस. आत या म्हनलं तर आला न्हाय. पाय वलं हायती, फरशी खराब हुईल म्हनला. पायरीवरच बसून ऱ्हायला. आन वैनी काय हसत हुत्या वो. इतकी वर्सं शेजारी हाय, असं हसनं ऐकलं न्हवतं."

पायरीवर काळा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. बाबूलाल भल्या पहाटे होडीतून उतरून तसाच निघाला असणार, असं मी धरून चाललो. बादलीभर पाणी आणून गाळ धुतला. त्याला नदीतल्या शेवाळाचा वास होता आणि तो दोनदा पाणी ओतूनही गेला नाही. दुपारी मी छान झोपलो.

रविवारी नऊच्या गाडीत बसलो. कंडक्टर ओळखीचा होता.

"वहिनी कालच गेल्या," तो तिकीट फाडत म्हणाला. "त्यांच्या भावानं दोन तिकिटं मागितली, जुन्या पिंपरीची. म्हटलं, बाबा, जुन्या पिंपरीचं तिकीट छापायचं बंद होऊन पंधरा वर्षं झाली. तर म्हणतो, मग जितवर गाडी जाते तितवर द्या, फुडचं आमी चालतो."

"गमत्या आहे तो," मी म्हणालो.

"गमत्या?" त्यानं तिकीट माझ्या हातात दिलं. "तोंडावर तर काय नव्हतं तसं."

इंदापूर मागे पडल्यावर रस्ता उतरणीला लागला. त्या वर्षी पाणी फार आटलं होतं. जिथं पाणी असायचं तिथं मैलभर करडा गाळ पसरला होता, मध्येच एखादं वठलेलं झाड, आणि लांब पाण्याच्या कडेला जुन्या देवळाचा कळस. बाबूलाल स्टँडवर उभा होता. एकटाच. मी उतरताच त्यानं दोन्ही हात जोडले.

"दाजी, माफी करा. काल येनं झालं न्हाय. करिमाला शुक्रवारपासनं ताप. काल तिला घिऊन इंदापूरला दवाखान्यात हुतो. अक्का वाट बघून रुसली आसंल. आज ह्याच गाडीसंगं सांगावा धाडनार हुतो."

तो थट्टा करत असावा, असं वाटून मी हसायचा प्रयत्नही केला. मग माझ्या तोंडून फक्त एवढंच आलं, "ती काल तुझ्याबरोबर आली ना?"

त्याचं तोंड उतरलं.

आम्ही पेठेत विचारलं. खाणावळीतल्या बाईनं हिरव्या लुगड्यातली बाई काल अकराच्या सुमाराला खाली जाताना पाहिली होती. बरोबर एक माणूस होता, डोक्याला पटका, पुढे चालत होता. हाक मारली तर त्यानं वळून बघितलं नाही. तिनं बघितलं आणि हात केला. माहेरी आलेली बाई हात करते तसा.

पोलीस ठाण्यात मी इथवरच सांगितलं. पुढं गाळात शोध घेतला, पाण्यात गळ टाकले, काही मिळालं नाही, असं कागदावर आहे. दिपालीलाही मी इथवरच सांगितलं आहे. पुढचं फक्त बाबूलालला ठाऊक आहे आणि त्यानं तो विषय माझ्याजवळ पुन्हा कधी काढला नाही.

गाळातून पाऊलवाट चालवेना म्हणून त्यानं होडी काढली. ऐन दुपारची वेळ. वारा नव्हता. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. जुनी पिंपरी पाण्यातून वर आली होती, म्हणजे घरांची दगडी जोती तेवढी. भिंती केव्हाच विरघळल्या होत्या. गल्ल्या मात्र ओळखू येत होत्या. बाबूलालनं बोट करून दाखवलं, "ह्ये आमचं घर." जोत्यावर गाळाचा थर आणि शिंपले. मग त्यानं बोट समोर फिरवलं.

समोरचं जोतं सारवलेलं होतं.

ओलं शेण, बोटांच्या अर्धगोल रेघा. चारी बाजूंनी मोकळं, वर आभाळ. पायरीशी पितळी तांब्या होता. मी वाकून हात लावला. पाणी कोमट होतं. प्रवासातून आलेल्या जावयाला पाय धुवायला देतात तसं.

"बाबूलाल," मी म्हणालो, "हे कुणी ठेवलं?"

तो होडीतून उतरला नव्हता.

मग वास आला. मटणाच्या रश्शाचा, चुलीवरच्या भाकरीचा. जोत्यावर चूल नव्हती. बांगड्या वाजल्या. त्या मी वीस वर्षं ऐकल्या होत्या, भाकरी थापताना ती डावा हात मध्येच थांबवते, तेव्हा बांगड्यांचा आवाजही थांबतो. तो थांबला. पुन्हा सुरू झाला.

"म्हाळसा," मी हाक मारली.

बांगड्या थांबल्या. कुणी ओ दिली नाही. आतून हलक्या आवाजात माणसं बोलत होती, चार-पाच तरी असतील. घरात पाहुणा आला की बायका बोलतात तसं.

"म्हाळसा, चल घरी."

बाबूलाल मागून बोलला. इतक्या हळू की मला मान वळवावी लागली. "अशी न्हाय यायची ती, दाजी. न्यायला आलाय न्हवं? मंग रीतीनं न्या. पाय धुवा, आत जावा, जेवा. त्याबिगर लेक धाडत्यात व्हय?"

"आत? आत काहीच नाही रे."

"व्हय."

"आत गेलो तर परत येईन का मी?"

त्यानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. "त्ये मला ठावं न्हाय. आज न्हाय गेलासा तर अक्का येत न्हाय, यवढं ठावं हाय."

मी चपला काढल्या.

तांब्या उचलला. उजव्या पायावर पाणी घेतलं. ते कोमट पाणी घोट्यावरून उतरलं आणि मला तिची इतकी आठवण आली की रडू फुटलं. पंधरा वर्षं. एसटीनं दोन तासांची वाट. एका रविवारी नेलं असतं तरी पुरलं असतं.

डावा पाय मी धुतला नाही.

पायरी दोन हातांवर होती. मी पुष्कळ वेळ उभा राहिलो. स्वतःला सांगितलं की हे उन्हामुळे आहे, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून आहे. सगळं सांगून झालं. वास गेला नाही. शेवटी मला स्वतःचं खरं कारण कळलं. मी भ्यालो होतो. तांब्या खाली ठेवला आणि चपला हातात घेतल्या.

तेव्हा आतून तिचा आवाज आला. माझ्याशी नव्हे, घरातल्यांशी बोलत होती. इतका समजुतीचा आवाज, माझी बाजू घेतानाचा.

"उन्हातनं आल्यात. जरा दम खाऊ द्या त्यांस्नी. येतील."

मी होडीत बसलो. बाबूलालनं माझ्याकडे न बघता वल्हं पाण्यात घातलं. होडी हलली आणि मागे, त्या मोकळ्या जोत्यावर, कुणीतरी वाढलेल्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवल्याचा आवाज झाला.