किल्ली कुणाच्या हातात देत नाही

अगं, ऐका तर आधी! दिव्या, तू हसायचं नाहीस हं, नाहीतर सांगणारच नाही.

तर दसरा नुकताच झालेला. फर्स्ट शिफ्ट सुटली आणि मी स्कूटी घेऊन चाकणच्या पंपावर रांगेत. पुढे एक जुनी मोटारसायकल... टाकीचं झाकण काही उघडेना! मागे हॉर्नवर हॉर्न. कांद्याचा ट्रकवाला तर ओरडला, "भावा, मुक्काम करतो का इथंच?"

पंपावरचा माणूस म्हणाला, "आणा इकडं किल्ली, मी बघतो." तर मोटारसायकलवाला म्हणतो काय — "किल्ली नाही देणार. मीच फिरवतो." आणि लागला की जोर लावायला! मी कुलपांच्याच कंपनीत, दिवसभर तेच तपासते. मला राहवेना.

"अहो, पिळू नका! आतच तुटेल!"

"मग काय करू?"

"झाकण मी दाबून धरते. तुम्ही हळूच फिरवा."

माझा तळवा झाकणावर, त्याची बोटं किल्लीवर... टक्! उघडलं. आणि माझा हात सगळा लाल-पिवळा, चिकट.

"हे काय घातलंय यात?"

इतका लाजला तो! "आईनं गाडीची पूजा केली... हळदकुंकू जरा जास्तच वाहिलं. मग अडकायला लागलं म्हणून मी खोबरेल—"

"खोबरेल? कुलपात?"

"डोक्याला चालतं, तर म्हटलं..."

भर पंपावर मी पोट धरून हसले गं.

प्रज्वल नाव. राहायला आमच्याच निगडीत, नोकरी तळेगावला, त्या दिवशी कामानं चाकणला आलेला. "रविवारी आणा, साफ करून देते," असं मीच म्हटलं. हो, मीच!

बसस्टॉपमागच्या चहावाल्यापाशी बसलो. जुना टूथब्रश, क्लीनरचा स्प्रे आणि पेन्सिलच्या शिशाची पूड. "तेल धूळ धरतं, ही कोरडी पूड बास," मी मोठ्या ऐटीत सांगत होते. पण किल्ली आत घालायची वेळ आली की हा पुढे.

"मी काय पळवून नेणारे का तुमची किल्ली?"

त्यानं किल्ली माझ्यासमोर धरली. मग म्हणाला, "बाबांची आहे. बघा, त्यांचा अंगठा असायचा तिथं कशी गुळगुळीत झालीय... बाबा गेल्यापासून कुणालाही गाडीवरून सोडून येतो, पण ही नाही देववत."

चहा गार झाला.

मग दर रविवारी "जरा कुलूप बघता का?" कुलूप लोण्यासारखं फिरत होतं! त्यालाही माहीत, मलाही माहीत. अहो-जाहो कुठं गळून पडलं, तेही कळलं नाही...

आणि एका रविवारी मला किल्लीच्या मानेपाशी चीर दिसली. अगदी केसाएवढी.

"प्रज्वल, ही तुटणार रे."

त्याचा चेहरा उतरला. "माहितीये," एवढंच म्हणाला, अर्धा कप तसाच ठेवून निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वाटलं, कशाला बोलले मी? पण गप्प बसले असते आणि खरंच तुटली असती तर?

किल्लीवरचा बारीक नंबर मला एव्हाना पाठ झाला होता. झिजलेल्या किल्लीवरून काढली तर झिजलेलीच निघते, म्हणून मी नंबरावरून नवी करून घेतली. आणि मेसेज टाकला — "चहा अर्धा राहिलाय."

आला. मी नवी किल्ली टेबलावर ठेवली. "बाबांच्या किल्लीच्या जागी नाही हं ही. ती मोडू नये म्हणून... राग आला असेल तर राहू दे."

त्यानं ती उचलली. मग उठून गाडीपाशी गेला.

"झाकण दाब."

मी दाबलं. नवी किल्ली फिरली. टक्! मग त्यानं कडीतून जुनी किल्ली सोडवली, माझ्या तळहातावर ठेवली आणि आपल्या हातानं माझी बोटं मिटवली.

"ही तू ठेव."

"अरे... माझ्याकडे कशी? घरी ठेव ना, आईंजवळ—"

"तुटायच्या आत तुझ्याकडे द्यायची, हे आईला विचारूनच आलोय," तो म्हणाला. "ती म्हणाली, पुढच्या दसऱ्याला पूजा त्या मुलीलाच करू दे. तिला कळतं कुंकू कुठं लावायचं नाही ते."

आता दिव्या, तू रडतेस काय वेडे? हो, आहे ना, ही बघ, पर्समध्येच असते.

अंहं. लांबूनच बघ. हातात नाही देणार.