सोळा कार्डं आणि मीटरचं पत्र

एका पत्राचं उत्तर मी तीन वर्षं दिलं नाही.

पुढे जे लिहितो आहे ते खरं आहे. असं आधीच सांगणारा माणूस बहुधा थापाड्या असतो, हे मलाही कळतं. मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली. भुतांची पुस्तकं कपाटात लावली, लोकांना दिली, परत आली की धूळ झटकून पुन्हा लावली. कधी घाबरलो नाही. आता मात्र नीट सांगता येईल की नाही, याचीच शंका वाटते. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं.

रात्रबित्र काही नव्हती. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. पोस्टमन पत्र टाकून गेला.

पत्र मीटरचं होतं.

मीटर म्हणजे आमचा मित्र. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेला. त्याला सगळं मोजायची खोड. जिन्याच्या पायऱ्या, फाटकापर्यंतची पावलं, चहाचे घोट. खेळताना त्याच्या मुठीत स्टीलचं एक छोटं मोजयंत्र असायचं. फटका मारला की अंगठ्यानं दाबायचा.

टिक्.

आम्ही सतरा मित्र वर्षातून एकदा तीन दिवस गोल्फ खेळायला जात असू. तळ्याकाठी एक मैदान आहे, तिथे. सहलीची आखणी माझ्याकडे. बस ठरवायची, खोल्या वाटायच्या, चौघाचौघांच्या चौकड्या पाडायच्या.

"दाजी, तुमचा चेंडू कुठे जाईल ते देवाला ठाऊक, पण तुमची यादी सरळ जाते," असं माझा मेहुणा म्हणायचा. हा बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या टोळीचा कप्तान.

गोल्फमध्ये एक रीत आहे. आपलं कार्ड आपण लिहायचं नाही. मैदानात अठरा होल, म्हणजे खड्डे असतात; एकेकात चेंडू घालायला आपल्याला किती फटके लागले ते चौकडीतला दुसरा कोणी लिहितो आणि खाली सही करतो. त्याला मार्कर म्हणतात.

अकरा वर्षं माझा मार्कर मीटर होता. जांभळ्या पेन्सिलीनं लिहायचा. सातच्या आकड्याला पोटातून आडवी रेघ मारायचा. मला नऊ फटके लागले तर नऊच लिहायचा, पण वर म्हणायचा, "वाऱ्यामुळे रे, ग्रंथपाल."

इतकी वर्षं एका चौकडीत पाच जण चालवून घेत. त्या वर्षी मैदानवाल्यांनी कळवलं, चार चौकड्या, सोळाच माणसं.

म्हणजे एक जण गळणार.

कोण, ते मला ठाऊक होतं. सगळ्यात वाईट मीच खेळतो.

आणि मीटरचं पत्र आलं.

'ग्रंथपाल, सोळाच घेणार असं ऐकलं. माझे हात आता थरथरतात, खेळ संथ झालाय. तरी मला धर. घरात एकटाच असतो. ते तीन दिवस सोडले तर वर्षात मोजण्यासारखं काही नाही. हो की नाही, तेवढं कळव. मी वाट बघतो.'

उत्तर लिहायला बसलो. तीन कागद फाडले. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"काय दाजी, सोळाचं काय करायचं? मी म्हणतो, चिठ्ठ्या टाकू. ज्याचं नशीब फुटकं तो घरी बसेल."

"त्याची गरज नाही," मी म्हणालो. "मीटर येत नाहीये."

"मीटर? अहो, तो बूट काढायच्या आधी पुढच्या वर्षीची तारीख विचारतो!"

"पत्र आलंय त्याचं."

पत्र आलं होतं, हे खरंच होतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी बसच्या ड्रायव्हरला दुसरा रस्ता सांगितला. मीटरची गल्ली टळली.

परत आल्यावर कळलं. मीटर त्याच सकाळी दाराच्या पायरीवर बसल्या बसल्या गेला. पायात गोल्फचे बूट. शेजारी बॅग. शेजारीण म्हणाली, "मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, बस येईल आता. मित्र मला सोडून जायचे नाहीत."

त्याचं मोजयंत्र कुठेच सापडलं नाही.

पुढच्या वर्षी...

कार्डं मैदानवाले नावं छापून आधीच घरी पाठवतात. मी गठ्ठा उघडून चौकड्यांप्रमाणे लावतो. सोळाही कार्डं कोरी असायला हवीत. पंधराच कोरी होती.

सोळावं आमच्या टोळीतल्या कंत्राटदाराचं होतं. पहिल्या सहा होलचे आकडे भरलेले. सातव्यापासून पुढे रिकामं.

जांभळी पेन्सिल...

सातला आडवी रेघ...

खाली मार्करची सही.

कोणीतरी चेष्टा केली असेल, असं मी स्वतःला समजावलं. कार्ड घरीच ठेवून त्याच्यासाठी तिथे दुसरं मागून घेतलं. कोणाला बोललो नाही. न बोलणं मला फार चांगलं जमतं.

सातव्या होलवर कंत्राटदार फटका मारायला उभा राहिला. स्वच्छ ऊन होतं. लांब कुठे गवत कापायचं यंत्र चालू होतं, ते एकदम थांबलं. पाखरंही गप्प झाली.

टिक्...

"कोण रे मोजतंय?" कंत्राटदार म्हणाला.

आणि कोसळला.

उजवी बाजू कायमची गेली. अजून बोलता येत नाही त्याला. ते त्याचे शेवटचे शब्द. घरी येऊन दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. सहाही आकडे तेच होते.

त्याच्या पुढच्या वर्षी दातांच्या डॉक्टरचं कार्ड. अकरा होल भरलेले.

मी त्याला बसमध्ये म्हणालो, "बाराव्या होलवर जपून खेळ."

"तू आधी तुझी कवळी जप," तो हसत म्हणाला.

बाराव्याला लागून तळं आहे. चेंडू काठाशी पडला, तो काढायला डॉक्टर वाकला. पाणी गुडघ्याएवढंही नव्हतं. तो पालथा पडला तो उठलाच नाही. तिघांनी ओढून काढला. ओढताना म्हणे वाटत होतं, खालून कोणीतरी धरून ठेवलंय.

त्या तिघांत मेहुणा होता. त्यानं मला नंतर सांगितलं, "दाजी, पडायच्या आधी तो पाण्याकडे बघून ओरडला. म्हणाला, 'मला काय विचारतोस? मी कुठे तुला नाही म्हटलं?' कोणाशी बोलत होता हो तो?"

मला माहीत नाही, असं मी म्हणालो.

पण मला तेव्हाच कळलं होतं. मित्रांनी आपल्याला टाकलं, असं मीटर समजतोय. एकेकाला जाब विचारतोय. आणि ज्याला विचारायला हवा, त्याचं कार्ड कोरंच आहे.

तरीही मी गप्प बसलो. वर्षभर.

या वर्षी दोन नवे मित्र घेऊन सोळा पुरे केले. गेल्या आठवड्यात कार्डांचा गठ्ठा आला. मेहुणा आमच्याकडे जेवायला आला होता, बहिणीशी गप्पा मारत टेबलाशी बसला होता. मी खिडकीपाशी गठ्ठा उघडला.

मेहुण्याचं कार्ड.

दोनच होल भरलेले...

"या वर्षी सहल नको," मी म्हणालो.

"घ्या! ताई, ऐकलंस? आखणी करणाराच नाही म्हणतोय. डॉक्टर असता तर म्हणाला असता, याचा आधी दात काढा."

"अरे, हे बघ कसे पांढरे पडलेत," बायको म्हणाली. "अहो, बरं वाटत नाही का?"

"तू तरी जाऊ नकोस," मी मेहुण्याला म्हणालो. "मीटरचं..."

मी त्याचं कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. माझं नेहमीचंच.

मेहुण्याचं हसू मावळलं. पाण्याचा पेला फिरवत बसला. मग म्हणाला, "मीटरचं नाव काढलंत म्हणून सांगतो. तो नाही म्हणाला, ठीक आहे. पण मला अजून खातं ते. मी एकदा त्याच्या घरी जाऊन विचारायला हवं होतं. आला असता हो तो."

बाहेर रस्त्यावरचा आवाज थांबला. पंख्याचाही ऐकू येईना...

टिक्.

मेहुण्यानं मान वर केली. "काय वाजलं?"

"कुठे काय?" बायको म्हणाली.

तिला ऐकू आलं नव्हतं. त्याला आलं होतं.

या पोराला हिनं आईच्या माघारी वाढवलंय. त्याच्या पहिल्या बुटांच्या नाड्या हिनं बांधल्या आहेत. तिच्या तोंडाकडे मला बघवेना. मी आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, कागद घेतला. या वेळी एकही फाडला नाही.

'मीटर, तुझं पत्र त्याच दुपारी मिळालं होतं. मित्रांपैकी कोणीही तुला नाही म्हटलं नाही. चिठ्ठ्या टाकायचं ठरत होतं. त्यात मी गळेन या भीतीनं मी सांगितलं की तूच येत नाहीस. बसही मीच वळवली. कंत्राटदाराला यातलं काही माहीत नव्हतं. डॉक्टरला नव्हतं. माझ्या मेहुण्याला अजून नाही. त्यांना सोड. तू माझा मार्कर आहेस. माझं कार्ड लिही.'

पाकिटावर त्याचा जुना पत्ता घातला. त्या घराला तीन वर्षं कुलूप आहे.

बायकोला हे सांगितलेलं नाही. इथे लिहितोय, कारण ती असलं काही वाचत नाही. मेहुण्याला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून त्याच्या नावानं याची एक नक्कल टेबलाच्या खणात ठेवली आहे. सहल शनिवारी आहे. मी जाणार आहे. पहिल्या चौकडीत मी माझं नाव घातलं आहे. माझं कार्ड गठ्ठ्यात आहे. काढून बघायची हिंमत होत नाही.

आज सकाळी दहा वाजता कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं आणि तसंच धरून उभा राहिलो. माझ्या मागे एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, टाकताय ना?"

"हो," मी म्हणालो.

पण बोटं सुटेनात. वाटलं, परत फिरावं. उद्या टाकू...

तेवढ्यात रस्ता गप्प झाला.

पत्र मी सोडलं नाही. आतून कोणीतरी हलकेच ओढून घेतलं.

टिक्.