पल्लावरमला बंद पडलेली गाडी

अमरसिंहरावांनी छातीत कळ येऊन इस्पितळाच्या दारातच प्राण सोडला. मोटारीच्या मागच्या सीटवर, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून.

"अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचले असते," डॉक्टर म्हणाले.

धाकटा भाऊ नागोजी तडक पोलीस ठाण्यात गेला. ड्रायव्हर गुंडोनं मुद्दाम गाडी बंद पाडली, अशी त्याची फिर्याद. पोंगलच्या आधी भर बाजारात मालकानं गुंडोच्या थोबाडीत मारली होती.

इन्स्पेक्टर वेंकोबारावांनी गुंडोला समोर बसवलं. दोघंही तंजावरकडचे, मराठी बोलणारे.

"गाडी कुठं कुठं बंद पडली?"

"इस्पितळाच्या वाटेवर आधी पल्लावरमला, सार. मग गिंडीला. घरून, तांबरमहून निघाली तेव्हा मात्र एका हँडलात सुरू झाली होती."

"हे फक्त त्याच दिवशी झालं?"

"पंधरवडाभर चाललंय. सुरू होते, थोडी धावते, मग आचके देऊन मरते. प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, पेट्रोलची नळी फुंकली. दोषच सापडेना."

"मग पुन्हा चालू कशी करायचास?"

"टाकीचं झाकण उघडून काठीनं पेट्रोल बघायचो. पेट्रोल असायचंच. झाकण लावलं की गाडी सुरू."

"त्या दिवशी बघितलं नाहीस?"

"निघालो होतो, सार. मालकीणबाई विशालाक्षीअम्मा ओरडल्या, 'टाकी भरलेली आहे, मागं कुठं जातोस? बॉनेट उघड!' मालकांचा जीव चाललेला. मी ऐकलं. बऱ्याच वेळानं गाडी आपणच सुरू झाली, गिंडीला पुन्हा तेच."

"मालकावर राग होता तुझा?"

"होता. चारचौघांत मार खाल्ला, राग येणार नाही? पण तडफडणाऱ्या माणसावर कोण राग काढतो, अय्यो!"

वेंकोबारावांनी त्याला कोठडीत ठेवलं, पण त्यांचं मन मानेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं तेलाचा नवा डबा फोडायला दिला. त्यांनी खिळ्यानं एक भोक पाडून डबा कलता केला. तेल थोडं आलं आणि थांबलं. दुसरं भोक पाडताच धार लागली. ते डब्याकडे पाहतच राहिले. मग जेवायला न थांबता निघाले.

अमरसिंहांची गाडी त्यांच्या तांबरमच्या घरी उभी होती. टाकीच्या झाकणाला बारीक भोक होतं. त्यात मेण भरलेलं. टाचणीनं उकरलं, तर मेणात लाल कण.

त्यांनी नागोजी आणि विशालाक्षीबाईंना ओसरीवर बोलावलं.

"पेट्रोल खर्च होतं तशी टाकीत हवा शिरावी लागते," वेंकोबाराव म्हणाले. "भोक बुजलं की पेट्रोल इंजिनापर्यंत ओढलंच जात नाही. झाकण उघडलं की लगेच हवा मिळते, गाडी सुरू होते; नुसती उभी ठेवली तर हवा झिरपायला बराच वेळ जातो. म्हणून गुंडोला दोष सापडला नाही. त्या दिवशी झाकण उघडू दिलं नाही ते एकाच माणसानं. आणि हे मेण आहे कुंकवाखाली लावायचं. गुंडोकडे ते कुठून येणार?"

नागोजी वहिनीकडे वळला. तिचं कपाळ मोकळं होतं.

"माझ्या वडिलांच्या मोटारीत टाकीचं भोक असंच बुजलं होतं. तेव्हा कळलं मला," विशालाक्षीबाई शांतपणे म्हणाल्या. "माझी बहीण सरोजा बाळंतपणाला इथं आली होती. मूल अडलं. मी यांचे पाय धरले, गाडी काढा म्हणून. हे म्हणाले, 'गाडी सुरू होते आणि बंद पडते. नेऊन काय करू?' सरोजाला बैलगाडीतून नेली. वाटेतच दोघंही गेली. त्याच दुपारी हे त्याच गाडीतून गिंडीच्या रेसला गेले."

"वहिनी, दादांचं हृदय दुबळं होतं, हे माहीत असून..."

"माहीत होतं म्हणूनच. डॉक्टरांनी महिन्यापूर्वी बजावलं होतं, दुखलं की लगेच आणा. तेव्हाच ठरवलं, यांचं खोटं खरं करायचं."

"आणि गुंडो फासावर गेला असता तर?" वेंकोबारावांनी विचारलं.

तेवढ्यापुरती विशालाक्षीबाईंची मान खाली गेली.

"पल्लावरमला यांनी विचारलं, गाडी का थांबली?" त्या म्हणाल्या. "मी त्यांचेच शब्द त्यांच्या कानात सांगितले. सरोजाचं नावही घेतलं. त्यांना सगळं समजलं, सार. गिंडी येईपर्यंत ते माझ्याकडे बघत होते. मी नजर काढली नाही."

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि शिपायाच्या पुढं चालू लागल्या.