पाचच्या वार्तेआधी

खिंडीवरचं सरकारी हवामान केंद्र गेले अकरा दिवस मुकं होतं. ते पुन्हा बोलतं करायचं, एवढ्याच कामासाठी तिघांची तुकडी उजाडता उजाडता गाव सोडून निघाली होती. आठवडाभरात पलीकडच्या कुरणांवरचे मेंढपाळ खिंड ओलांडून अलीकडे उतरणार होते. चार हजार मेंढ्या, साठ-सत्तर माणसं, त्यात कडेवरची पोरंही. रोज संध्याकाळी पाचला रेडिओवर हवामानाची वार्ता लागायची. तीत खिंडीचा आकडा असायचा आणि त्याच्या भरवशावर ही माणसं दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फात पाय घालायची. आता आकडाच येत नव्हता.

तुकडीची प्रमुख होती सरकारी निरीक्षक बाई. तेवीस वर्षं तिनं या डोंगरांतली हवा मोजली होती. पाठीवरच्या पिशवीत हवेचा दाब दाखवणारा तिचा वायुभारमापक लोकरीत गुंडाळलेला होता. पितळी, जडशीळ, आठच दिवसांपूर्वी मुख्य कार्यालयात तपासून आणलेला. वाट दाखवायला तिचा धाकटा दीर होता. या मोसमात वर जायला तयार झालेला तो एकटाच वाटाड्या. त्याची बायको, म्हणजे बाईची जाऊ, दोनशे मेंढ्या घेऊन पलीकडेच होती.

तिसरा होता खाजगी हवामान कंपनीचा इंजिनिअर. कंपनीचं स्वतःचं केंद्र खिंडीच्याही वर, धारेवर होतं. तिथले आकडे धरणवाल्यांना आणि विमा कंपन्यांना जायचे, वर्गणी भरणाऱ्यांनाच. त्याला वर्षाची तपासणी करायची होती. वाटाड्या एकच, म्हणून दोन्ही कार्यालयांनी दोघांची मोट एकत्र बांधून दिली.

पहिल्याच मुक्कामावर दोघांची जुंपली. बाईचं म्हणणं, उपग्रह आमचे, पन्नास वर्षांच्या नोंदी आमच्या, त्या फुकट घेऊन तुम्ही वेष्टनात घालून विकता. तो म्हणाला, तुमचं केंद्र एका सहीसाठी अकरा दिवस बंद राहतं, माझं दर दहा मिनिटांना आकडा पाठवतं. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच दोघंही जास्त चिडली. दिरानं चहा केला आणि दोघांच्या मध्ये बसून निमूटपणे प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी आडवी आली. पूल होता तिथे फक्त दोन खांब उरले होते! बर्फ वितळून आलेलं राखाडी पाणी खडकांवर आपटत धावत होतं. दीर कमरेला दोर बांधून आधी उतरला आणि पलीकडच्या खडकाला दोर आवळून तिथेच उभा राहिला. मागून बाई निघाली. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. पाय बधिर झाले. शेवटी इंजिनिअर उतरला. त्याच्या पाठीवर स्वतःचं सामान होतं आणि वर बाईच्या केंद्राची नवी बॅटरीही. बाईला ओझं जास्त होतंय म्हणून सकाळी त्यानं ती आपणहून घेतली होती.

मधोमध त्याच्या पायाखालचा दगड निसटला. तो आडवा झाला! दोराला हिसका बसला. दिरानं टाचा रोवल्या, बाईनं दोर मनगटाला गुंडाळला आणि दोघांनी त्याला हातभर हातभर करत ओढून घेतलं. माणूस आला. बॅटरी मात्र पट्टा तुटून गेली. दोनदा पाण्यावर दिसली आणि वळणाआड नाहीशी झाली.

दात वाजत असताना तो पुन्हा पुन्हा माफी मागत होता. बाई म्हणाली, आधी कपडे बदला, बॅटरीला न्यूमोनिया होत नाही.

तरीही पुढे जायचं ठरलं. नेमकं काय बिघडलंय ते निदान डोळ्यांनी पाहता येईल आणि केंद्रातला बिनतारी संच चालू असला तर हातानं नोंद घेऊन कळवता येईल, असा तिचा हिशोब होता. दिवसभर ती तिघं सुट्या दगडांचा उतार चढत राहिली. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली घसरायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास खिंड आली.

बाई केंद्राभोवती एक फेरी मारून आली. वरून आलेल्या दरडीनं वारा मोजायची उंच डोलकाठी मुळातून मोडली होती. यंत्रांची पेटी चपटी झाली होती, बिनतारी संचाचा चुरा झाला होता. तारा बर्फात लांबवर पसरल्या होत्या. फक्त दगडी खोली शाबूत होती. बॅटरी असती तरी काही उपयोग नव्हता.

सवयीनं तिनं वायुभारमापक खोलीतल्या खुंटीला टांगला. चढताना उंचीबरोबर काटा उतरतच असतो, त्यामुळे वाटेत त्याच्याकडे पाहून काही कळत नव्हतं. पण या खुंटीला, या महिन्यात तो कुठे असायला हवा, हे तिला तोंडपाठ होतं. काटा त्याच्या नऊ खुणा खाली होता. तिनं काचेवर टिचकी मारली. अर्धा तास थांबली. काटा आणखी एका खुणेनं उतरला.

बाहेर लखलखीत ऊन होतं. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

"मोठं वादळ येतंय," ती म्हणाली. "उद्या पहाटेच्या आत."

इंजिनिअरनं पिशवीतून छोटा संगणक काढला आणि त्याचा पडदा तिच्यासमोर धरला. त्याच्या केंद्राची रेघ सरळ होती; तीन दिवस हवा स्वच्छ, असा कंपनीचा अंदाज होता.

कंपनीच्या कामापुरताच दिलेला उपग्रहाचा फोन त्याच्याकडे होता; तो त्यानं न मागता पुढे केला. त्यावरून बाईनं मुख्य कार्यालय गाठलं. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याचा तिच्यावर विश्वास होता, पण त्याचे हात बांधलेले होते. गेल्या वर्षी एकाच चुकीच्या आकड्यावरून खिंड बंद केली होती. कळप उजाड कुरणावर अडकून पडले आणि कितीतरी मेंढ्या उपासमारीनं मेल्या. तेव्हापासून नियम झाला होता की दोन वेगळ्या यंत्रांची नोंद जुळल्याशिवाय इशारा द्यायचा नाही. वाईट बातमी त्यानं शेवटी सांगितली. आकडा येत नाही म्हणून कंटाळून मेंढपाळ उद्याच निघणार होते, आजच्या वार्तेत काही वावगं आलं नाही तर.

दीर दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. त्यानं चौकट घट्ट धरली.

इंजिनिअर अजून पडद्याकडेच पाहत होता. त्यानं पाच दिवसांची रेघ मोठी केली, मग दहा दिवसांची. त्याच्या कपाळावर आठी पडली. हवेचा दाब दिवसातून दोनदा थोडा चढतो, दोनदा उतरतो, कितीही स्वच्छ दिवस असला तरी. ही रेघ पट्टीनं आखल्यासारखी होती.

"मॅडम, इतकी सरळ रेघ हवेची नसते," तो हळूच म्हणाला. "माझं यंत्र अडकलंय."

धारेवरचं केंद्र दीड तासाच्या चढावर होतं. एक वाजला होता. बाईनं वायुभारमापक खुंटीवरून काढून पुन्हा पिशवीत घातला. दिरानं आधीच दोर खांद्यावर टाकला होता.

"वहिनी, जायचं तर आत्ता."

घळीतून वर जायची एकच वाट होती आणि ती निळसर बर्फानं भरलेली होती. दीर पुढे पायऱ्या खोदत होता. खण, खण, पाऊल. खण, खण, पाऊल. श्वास पुरत नव्हता. अर्ध्यावर इंजिनिअरच्या बुटाचे काटे सुटले आणि तो घसरला! बाईनं कुदळ बर्फात रुतवली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. दोर ताणला गेला. तिच्या खांद्यातून कळ आली. पण कुदळ धरून राहिली. तो खाली लोंबकळत क्षणभर तसाच राहिला, मग गुडघे रोवून पुन्हा चढू लागला.

पावणेतीनला ती तिघं धारेवर पोचली. कंपनीचं केंद्र दिमाखात उभं होतं, नव्या भांड्यासारखं चकचकीत. इंजिनिअर पेटीखाली उताणा झोपला. हवा आत जायचं काडीएवढं भोक बर्फानं गच्च बुजलं होतं. त्याचं कोणतंही हत्यार आत जाईना. दिरानं खिशातून पोती शिवायचं दाभण काढलं आणि त्याच्या हातात दिलं. बर्फाचा खडा निघाला. बारीकशी फुस झाली.

पडद्यावरची रेघ कड्यावरून पडावी तशी सरळ खाली कोसळली!

बाईनं आपला काटा वाचला, त्यानं आपला आकडा वाचला. दोघांत अर्ध्या खुणेचाही फरक नव्हता. पश्चिमेला ढगांची करडी भिंत आता उघड्या डोळ्यांनी दिसू लागली होती.

इंजिनिअरनं आपल्या वरिष्ठाला फोन लावला. वरिष्ठ माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. अंदाज चुकला हे ऐकून त्याची पाचावर धारण बसली. आधी वर्गणीदारांना कळवू, तो म्हणाला. सरकारला आकडा द्यायचा तर करार बघावा लागेल, उद्या वकिलांना विचारू. आणि इशारा देणं आपलं कामच नाही, चुकला तर लोक आपल्याला कोर्टात खेचतील.

"साहेब, इशारा मी देत नाहीये," इंजिनिअर म्हणाला. "आकडा देतोय. इशारा या देतील, त्यांच्या सहीनं." पलीकडचं बोलणं संपायच्या आत त्यानं फोन बंद केला, मुख्य कार्यालयाचा क्रमांक लावला आणि स्वतःच्या तोंडानं आपल्या केंद्राचा आकडा सांगितला. मग फोन बाईच्या हातात दिला. तिनं आपली नोंद, वेळ, हुद्दा सांगितला. अधिकाऱ्यानं सगळं परत वाचून दाखवलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

आता आपला जीव सांभाळायचा होता. ती तिघं निम्मी घळ उतरली असतील, तोच वाऱ्याचा पहिला तडाखा बसला. मग दुसरा. मग थांबलाच नाही! वादळ बाईच्या अंदाजाच्या कितीतरी आधी आलं होतं. बर्फ आडवा येत होता. समोरच्या माणसाची पाठ दिसेनाशी झाली, मग स्वतःचा हातही. घळ संपली, सपाटी लागली, पण खोली कुठे? दीर पावलं मोजत होता. मोजणी संपली तरी भिंत आली नाही. डावीकडे दरी होती.

इंजिनिअर मटकन खाली बसला. जरा टेकतो, म्हणाला. बाईनं त्याची कॉलर धरून त्याला उभं केलं आणि पोरांना देतात तसा दम भरला. पुढच्याच पावलाला तिचा बूट कशात तरी अडकला आणि ती तोंडघशी पडली. हाताला पोलादी तार लागली. मोडलेल्या डोलकाठीची तार! तिचं दुसरं टोक खोलीच्या पायाला बांधलेलं होतं. तिघं गुडघ्यांवर, तार मुठीत धरून, इंच इंच सरकत गेली. भिंत लागली. दार लागलं.

आत दिरानं बधिर बोटांनी खिशातला छोटा रेडिओ काढला. खरखर, शिट्ट्या, पुन्हा खरखर. मग निवेदिकेचा शांत आवाज. खिंड बंद आहे. कळप जिथे आहेत तिथेच आडोशाला ठेवावेत. नोंद सरकारी निरीक्षकांची आणि धारेवरच्या खाजगी केंद्राची. ही सूचना तिनं दोनदा वाचली.

दिरानं रेडिओ मांडीवर ठेवला आणि तोंड फिरवून तो रडला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

वादळ दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी फोन लागला. वरिष्ठानं आधी इंजिनिअरला चांगलंच फैलावर घेतलं, मग घसा साफ करून म्हणाला की धरणवाल्यांचेही आभार आलेत. सरकारी कार्यालयाशी त्याचं बोलणं सुरू झालं होतं. धोक्याच्या वेळी कंपनीचे आकडे सरकारला बिनशर्त मिळावेत आणि दर वसंतात सरकारनं कंपनीची यंत्रं आपल्या प्रमाण यंत्राशी लावून तपासून द्यावीत, असं काहीतरी. कागद व्हायला वेळ लागेल, असंही तो म्हणाला. बाई हसली, कागदांचा वेळ तिला माहीत होता.

केंद्र काही उभं राहिलं नाही. नवी डोलकाठी पुढच्या उन्हाळ्यात, तीही मंजूर झाली तर. चौथ्या दिवशी तिनं खुंटीवरचा काटा वाचला, इंजिनिअरनं धारेचा आकडा वाचला, आणि पाचच्या वार्तेत खिंड उघडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळप वर आले. आधी घंटांचा आवाज, मग धुरकट दिसणारा लोकरीचा लोंढा. सगळ्यांच्या पुढे जाऊ होती, गाल उन्हानं रापलेले, दोन्ही बगलांत एकेक कोकरू. नवऱ्याकडे तिनं एकदाच नजर टाकली, त्यातच काय ते बोलली. मग बाईजवळ येऊन म्हणाली, रेडिओवरचं ऐकून अर्धे लोक चिडले होते, खाली कुरणावर तोवर एवढं ऊन होतं!

"हे कोण?" तिनं इंजिनिअरकडे हनुवटी करून विचारलं. "तुमच्या ऑफिसातले?"

"नाही," बाई म्हणाली. "धारेवरचा आकडा यांचा."

जावेनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं, त्याचा सोललेला चेहरा, पट्ट्या बांधलेली बोटं. मग काही न विचारता एक कोकरू त्याच्या हातात दिलं.

"पाय धरा घट्ट. उतारावर लाथा मारतं."

त्यानं ते मानेभोवती घेतलं, पुढचे पाय एका मुठीत, मागचे दुसऱ्या. कोकरानं लगेच लाथ मारलीच. दिरानं पुढे होऊन वाट तुडवायला घेतली, आणि चार हजार मेंढ्यांच्या मधोमध, धक्के खात, तिघं खाली उतरू लागली.