रिकामी पेटी

साहेब, रस्त्यासाठी आमच्या देवीचं देऊळ हलवताना तुम्ही तिची रिकामी पेटी हलवलीत. सहीशिक्के, पांढरे हातमोजे, फोटो, सगळं रीतसर. पण तारीख धरलीत दहाव्या महिन्यातली. त्या महिन्यात देव गावात नसतात, सगळे इझुमोच्या मोठ्या देवळात जमलेले असतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पुजारीबुवा तसं पुटपुटलेही. तुम्ही म्हणालात, "डांबरवाले थांबणार नाहीत."

मी तोकुजी. लाकडी ओगराळी करतो. गावात बाई गरोदर राहिली की माझ्याकडचं एक ओगराळं न्यायचं, बूड ठोकून काढलेलं, आणि झऱ्यावरच्या देवीच्या दारात टांगायचं. त्यातून पाणी जसं न अडता जातं, तशी बाई मोकळी होते. एवढंच त्या देवीचं काम. चाळीस वर्षं ती बुडं मीच ठोकली आणि मीच चुलीत घातली.

माझी मित्सुए बाळंतपणाला माहेरी आली. तिचं ओगराळं घेऊन मी तुमच्या नव्या देवळात गेलो, पार्किंगच्या मागे. भर दुपार. दोनदा वाकलो, देवीला हाक म्हणून दोन टाळ्या वाजवल्या. हाताला हात लागला. आवाज आला नाही.

मागे शेजारची किनुआजी उभी होती. "म्हातारा झालास रे. जोरात वाजव की!"

मग तिने वाजवल्या. तिच्याही वाजल्या नाहीत.

"घरी चल," ती हळूच म्हणाली. "आणि ते इथे टांगू नकोस."

मी ऐकलं नाही.

डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटली. ते म्हणतात, बाळ ठणठणीत आहे, येईल. मित्सुए आधी हसायची. "बाबा, तुमच्यावर गेलंय. कशाची म्हणून घाई नाही." काल हसली नाही. म्हणाली, "बाबा, हे कुणाची तरी वाट बघतंय."

आज सकाळी पुन्हा देवळात गेलो. वारा सुटला होता. जुन्या देवळातून आणलेली बत्तीस ओगराळी आणि मित्सुएचं एक. एकही हलत नव्हतं.

तिचं काढलं. हाताला जड लागलं.

काठोकाठ पाणी.

त्याला बूड होतं. नखही शिरणार नाही असं घट्ट. लाकूड माझंच, रंध्याची ओढ माझी. बुडाची एक कड जळून काळी.

बाकीची बघितली. सगळी भरलेली. सगळ्यांच्या कडा काळ्या.

ओगराळं उपडं केलं. पाणी पडलं नाही.

इझुमोहून देवी परतली, तेव्हा तिच्या दाराच्या जागी तुमचं डांबर होतं. मित्सुएची तारीख उलटून आज बारा दिवस झाले. मला कागद नको. देवी कुठे आहे? सांगा.